आमच्या गल्लीत फक्त दाढ दुखते

आमच्या गल्लीत आजवर कॅन्सर कुणालाच झाला नाही. जो गेला तो दाढेने गेला. माझे यजमान दाढेने गेले. समोरच्या घरातला वजनकाट्यावरचा दाढेने गेला, त्याच्या पाठोपाठ त्याची बायको गेली तीही दाढेनेच, आणि तिच्या तोंडात तर शेवटची दहा वर्षं दाढ औषधालाही नव्हती. पण शब्द ठरलेला होता. तो मीच ठरवलेला, म्हणून दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायची मला सोय नाही.

गल्ली सूतगिरणीची. एकवीस घरं या अंगाला, एकवीस त्या अंगाला, मधे नळ. भिंती इतक्या पातळ की शेजारी शिंकला तर आपण नाक पुसावं. घरं गिरणीच्या मालकीची, आणि घरातलं एक माणूस साच्यावर, म्हणजे सूत काढायच्या यंत्रावर, उभं आहे तोवरच घर आपलं म्हणायचं. यजमानांच्या गालाला आतून जखम झाली, ती काही भरेना, तेव्हा मीच त्यांना हाताला धरून गिरणीच्या डॉक्टरकडे नेलं. मोठा शहाणपणा केला. त्याने बॅटरी मारून पाहिलं, चिठ्ठीवर दोन ओळी खरडल्या, आणि सोमवारी हे कामावर गेले तर यांच्या साच्यावर दुसराच उभा. चिठ्ठी आमच्या आधी पोचली होती. घर सोडायला एक महिना दिला. मी तीन दिवस मुकादमाच्या दारात ठाण मांडून बसले, त्याला धड जेवू दिलं नाही, आणि महिना सरायच्या आत लेकीच्या पाठच्या माझ्या धाकट्याला कामाला लावला. तेव्हा त्याला नुकतं अठरावं संपलं होतं. घर राहिलं. यजमान राहिले नाहीत.

त्यांना जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते, तेव्हा मी नळावर सगळ्या बायकांना सांगितलं, की यापुढे कुणाच्या तोंडात काहीही होवो, गिरणीच्या माणसाने विचारलं, सरकारी माणसाने विचारलं, सोयऱ्याने विचारलं, तरी दाढ दुखते म्हणायचं. हसायचं, पाणी घेणार का विचारायचं, आणि आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत म्हणून सांगायचं. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. पण गल्लीत मी बोलले की पुढे कुणी बोलत नाही. सगळे मला मोठी आई म्हणतात, माझ्याहून वयाने मोठे आहेत तेसुद्धा. त्याचा मला तेव्हा फार तोरा होता.

आता गिरणीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गिरणीच्या फाटकावर काडेपेटी काढून घेतात. आत रुई उडत असते, केसांत, पापण्यांत, डब्यातल्या भातात. एक ठिणगी पडली तर अख्खं खातं चुलीत घातल्यासारखं पेटेल. त्यामुळे विडी ओढणं नाही. आणि आठ-दहा तास उभं राहायचं, साच्यांचा आवाज इतका की शेजारच्याला हाक मारायची तर खांद्यावर थापटावं लागतं. मग माणूस तंबाखू गालात धरतो. डाव्या. उजव्या हाताने तुटलेला धागा जोडायचा असतो, डाव्याने चिमूट सोडायची. पाळी सुरू झाली की धरायची, जेवायच्या सुट्टीत थुंकायची, पुन्हा धरायची. गालातली गोळी रुईचे तंतू अडवते, घशात उतरू देत नाही, असं माझी सासू सांगायची. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं. धाकटा पहिल्या दिवशी कामावरून आला तो खोकून खोकून दुहेरी झालेला, डोळे लाल, भुवया पांढऱ्या म्हाताऱ्यासारख्या. दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर पुडी मीच बांधून दिली.

मी स्वतः कधी तोंडाला लावली नाही. पिचकाऱ्या टाकणारी बाई मला डोळ्यांसमोर नको. पण पुडी बावीस वर्षं मी बांधली. सून घरात आली तरी डबा तिने भरायचा आणि पुडी मी बांधायची, कारण ती ढिली बांधते आणि तंबाखू वाळते. असा माझा कामाचा नेटकेपणा.

नदीपलीकडे सगळं उलटं. तिकडे विटा-कौलांच्या भट्ट्या. तिथे विस्तवाला बंदी कोण करणार? माणसं भट्टीच्या निखाऱ्यावरच विडी शिलगावतात, एक विझायच्या आत दुसरी. संध्याकाळी घसा जळतो म्हणून घशाखाली आणखी जळजळीत काहीतरी ओततात. तिकडची चार माणसं गप्पा मारायला बसली की लांबून वाटावं, कुणी लाकूड कापतंय. माझी लेक तिकडेच दिलेली. तिच्या सासऱ्यांच्या घशात गाठ निघाली तेव्हा घसा काढून मानेला भोक पाडलं. बोलायचं झालं की व्याही त्या भोकावर बोट दाबतात आणि आतून घोगरा, एकेक शब्द येतो. आणि विहीणबाई. ती बाई कुणालाही, वाण्याला, टपालवाल्याला, ओळख ना पाळख त्यालाही सांगायची, आमच्या यांना कॅन्सर झालाय. जसा मुलगा पहिला आल्याचं सांगावं. मला ऐकूनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी लेकीला म्हणायची, तुझ्या सासूला चारचौघांत काय झाकावं ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत पिशवीवाली आली. सरकारी बाई, तिशीची, चपलेचा अंगठा शिवलेला, खांद्यावर कापडी पिशवी, हातात रकाने आखलेली वही. कुठल्या भागात तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर किती आहे ते मोजायला निघाली होती. नदीच्या दोन्ही काठांना फिरणार होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. घरात कुणाच्या तोंडात चट्टा, गाठ, न भरणारी जखम आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत. यजमान कशाने गेले? मी म्हटलं, दाढेने. तिने वहीतून मान वर केली.

"दाढेने माणूस जातं का, आजी?"

"आमची माणसं नाजूक आहेत," मी म्हटलं.

या उत्तराचं मला तेव्हा इतकं कौतुक वाटलं की संध्याकाळी नळावर दोनदा सांगितलं. बायका खदखदून हसल्या.

जाण्याआधी तिने एक करून दाखवलं. आपली तीन बोटं जोडून उभी केली आणि तोंड उघडून वरच्या-खालच्या दातांमधे घातली. तीन बोटं गेली तर बरं, म्हणाली. दोनच गेली तर दाखवून घ्या. एकच जात असेल तर त्याच दिवशी निघा. मग आत बघून तिने विचारलं, ते कोण, त्यांनाही करून बघू द्या. आत धाकटा पडला होता, पाळी करून नुकताच आलेला. मी म्हटलं, झोपलाय, दमून आलाय. तो झोपला नव्हता. त्याचे डोळे उघडे होते ते मी पाहिले होते. आणि तिचं बोलणं ऐकून त्याने तोंड भिंतीकडे वळवलं, तेही पाहिलं. मी काय केलं? त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

बेचाळीस दारं ती फिरली. बेचाळीस दारांत तिला पाणी मिळालं आणि सगळे ठणठणीत निघाले. शेवटच्या घरातला भोंगा, म्हणजे त्याचा आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा म्हणून भोंगा, त्याने तर गालात गोळी धरूनच ठणठणीत म्हणून सांगितलं, आणि बोलता बोलता ओघळ हनुवटीवर आला.

तीन-चार महिन्यांनी टपाल कचेरीच्या भिंतीवर नकाशा लागला. मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं, पण रंग वाचायला शाळा लागत नाही. जिथे रोग जास्त तिथे लाल, जिथे कमी तिथे फिका, जिथे नाही तिथे कोरा. नदीची निळी रेघ होती. रेघेच्या पलीकडे भट्ट्यांचा भाग पिकल्या टोमॅटोसारखा लाल. अलीकडे आम्ही, धुतल्यासारखे पांढरे. टपालबाबू दुसऱ्या कुणाला सांगत होता की बघा, एकाच गावात दोन काठांना केवढा फरक, पाण्यात काही असेल का? मला वाटलं, पाण्यात नाही, बाबा, वळणात असतं. रविवारी मी मुद्दाम लेकीकडे गेले. विहीणबाईंना सहज विषय निघाल्यासारखं सांगितलं की नकाशा लागलाय, तुमचा भाग लांबूनसुद्धा दिसतो. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, हो, पाहिला, लाल आहे म्हणूनच आता इकडे दर सहा महिन्यांनी गाडी येणार आहे, खुर्ची, दिवा, डॉक्टर सगळं गाडीतच, दारात येऊन तोंड तपासणार. मी म्हटलं, बरं आहे, तुम्हाला गरज आहे. आणि पुलावरून परत येताना माझी मान अशी ताठ होती की समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी न वाजवता बाजू दिली.

धाकट्याला सफरचंद फार आवडतं. लहानपणापासून अख्खं खायचा, कचाकचा, बियांसकट, हातात नुसता देठ उरायचा. एका सुट्टीच्या दिवशी मी पाहिलं, तो दाराच्या पायरीवर बसून सूत कापायच्या पात्याने सफरचंदाच्या कागदासारख्या चकत्या करतोय आणि एकेक चकती ओठांतून आत सरकवतोय, पेटीत टपाल टाकावं तशी. मी विचारलं, हे कधीपासून?

"दाढ दुखते," तो म्हणाला.

माझा तोरा तिथेच उतरला. बावीस वर्षं मी जो शब्द गल्लीभर वाटला तो माझ्या पोराने मलाच दिला. मी म्हटलं, "ते मी लोकांना सांगायला ठरवलंय, मला नको सांगूस. तोंड उघड."

तो उठून जायला लागला. चाळिशीचा बाप्या, पण मी दंड धरला तसा बसला. त्याने तोंड उघडलं, म्हणजे उघडायला पाहिलं. मी माझं एक बोट घातलं. ते आडवं गेलं, उभं अडलं. आतून गाल चामड्यासारखा ताठ, पांढरट, आणि मागे डाव्या अंगाला ते होतं. यजमानांच्या तोंडात पाहिलेलं मी अजून विसरलेले नाही. ते ओळखायला मला बॅटरी लागली नाही.

मी विचारलं, ती बाई आली तेव्हा किती बोटं जात होती? त्याने दोन दाखवली.

सून दारात उभी होती. तिला माहीत होतं. वर्षभर ती त्याचा भात मऊ करत होती आणि मला वाटत होतं, हिला अंदाजच नाही, सगळा गिचका करून ठेवते, आणि तसं मी तिला चार बायकांत बोललेही होते. ती उलट बोलली नव्हती. कारण घरात दुखणं लपवायची रीत माझी होती आणि ती बिचारी रीत पाळत होती.

गिरणीच्या डॉक्टरकडे जायचं तर घर जातं. मोठ्या इस्पितळात थेट गेलं तर ते कुठे कामाला विचारतात आणि कागद गिरणीत जातो. मग गाडीच उरली. मी टपाल कचेरीत गेले. बाबूने यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. आमची गल्ली यादीत नव्हती. बाबू भला माणूस, त्याने समजावून सांगितलं की, आजी, एकच गाडी आहे, जिथे रोग आहे तिथे जाते, तुमच्याकडे काही नाहीच ना, देवाची कृपा. मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार होते? बाहेर येऊन नकाशासमोर उभी राहिले. आमचा तो पांढरा तुकडा. माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. मला तिथे नख लावून तो खरवडावासा वाटला.

पलीकडे गाडी यायला तेवीस दिवस होते. तेवीस दिवसांत मी पुडी बांधली नाही, धाकट्याने मागितली नाही. कामावर मात्र गेला, रोज, आणि गालात गोळी आहे असं दिसावं म्हणून जीभ आतून गालाला टेकवून धरायचा, असं मला सुनेने सांगितलं.

गाडीत तपासायचं तर त्याच भागातला पत्ता लागतो, असं लेकीने कळवलं. म्हणून मी विहीणबाईंकडे गेले. आयुष्यात त्या बाईपुढे मी वाकले नव्हते. पुलावर मी दोन उत्तरं तयार करून ठेवली, कारण टोमणा येणार याची खात्री होती. एक उत्तर जरा मऊ आणि एक असं की त्यांच्या सात पिढ्यांनी लक्षात ठेवावं. त्यांच्या ओसरीवर बसले आणि म्हटलं, तुमच्या घराचा पत्ता एक दिवस माझ्या मुलाला द्या.

विहीणबाईंनी टोमणा मारला नाही. त्यांनी विचारलं, "किती बोटं?"

मी एक दाखवलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला. व्याही खाटेवर बसले होते. त्यांनी मानेवरचं फडकं बाजूला केलं, भोकावर बोट दाबलं आणि म्हणाले, "लवकर." तेवढंच. एवढ्या वर्षांत मी त्यांचं बोलणं कधी नीट ऐकून घेतलं नव्हतं. ते बोलायला लागले की मी भिंतीवरचं घड्याळ बघायची.

गाडी आली त्या दिवशी धाकटा माझ्या लेकीच्या घरातला रहिवासी झाला. गाडीबाहेर टेबल, टेबलामागे तीच पिशवीवाली. रांगेत आमचा नंबर आला. तिने मला ओळखलं. पत्ता ऐकला, माझ्याकडे पाहिलं, पेन थांबलं. मला वाटलं, आता म्हणेल, आजी, तुमची माणसं नाजूक ना? म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने पत्ता लिहून घेतला.

आत डॉक्टरने दिवा लावला, पाहिलं, मानेच्या गाठी चाचपल्या, किती दिवसांपासून विचारलं. धाकट्याने खांदे उडवले. मी सांगितलं, ही बाहेरची बाई आमच्या दारात आली होती तेव्हा दोन बोटं जात होती. डॉक्टर म्हणाला, मग तेव्हा का नाही आलात? त्याने रागाने नाही विचारलं. त्याला खरंच उत्तर हवं होतं, कारण त्याच्या कागदावर तसा प्रश्न छापलेला होता आणि खाली रेघ मोकळी होती. मी त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्याने स्वतःच काहीतरी लिहून टाकलं.

पुढचं लांबवत नाही. मोठ्या इस्पितळात डावा जबडा काढला. मांडीचं कातडं गालाला लावलं. आणखी पाहिलं तर मानेत खाली उतरलेलं. मशीन लावलं, औषधं चढवली, त्यात सात महिने गेले, आणि मग तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना जे आवडतं ते द्या. मी म्हटलं, सफरचंद आवडतं.

गिरणीत कळायचं ते कळलंच. महिन्याची मुदत आली. या वेळी मुकादमाच्या दारात सून जाऊन बसली, मला न विचारता. आता ती रिळं भरायच्या खात्यात उभी असते. घर राहिलं.

धाकटा खिडकीशी बसतो. नाकातल्या नळीने दूध घेतो. बोलता येत नाही, लिहायचा त्याला कंटाळा, खुणांनी भागवतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी तोंडाने तिखट, त्याला वाटेल तसं बोललेली, त्याला परत बोलायची पाळी आली तर त्याचं तोंडच नाही. कधी कधी मी त्याच्यासमोर मुद्दाम बसते, की रागाने का होईना, बघेल. तो बाहेर बघतो. पाळी सुटली की गल्लीतून माणसं येतात, एकामागे एक, केसांत रुई, आणि सगळ्यांचे डावे गाल टम्म. तो ते बघत असतो.

त्यातला भोंगा एक दिवस मला काही सांगायला आला, तर त्याचा आवाज बारीक. तोंड पुरतं उघडत नव्हतं. मी म्हटलं, बोटं घाल. तो हसला, म्हणाला, "मोठी आई, दाढ दुखते."

तेव्हा मी नळावर गेले आणि बावीस वर्षांपूर्वीचं बोलणं परत घेतलं. सांगितलं, आता ती बाई येईल तेव्हा खरं सांगायचं, सगळ्यांनी, म्हणजे गाडी इकडे येईल. बायका पाणी भरत राहिल्या. मग भोंग्याची बायको, जी माझ्यापुढे कधी मान वर करत नाही, ती घागर उचलता उचलता म्हणाली, की मोठी आई, तुमची सून कामाला लागली, तुमचं घर वाचलं, म्हणून तुम्हाला आता खरं सुचतंय, आमच्या घरात दुसरं कोण आहे साच्यावर उभं राहायला? बोलणं टोचलं, पण खोटं कुठे होतं? माझ्याकडे एकही उत्तर तयार नव्हतं. मऊ नाही, कडक नाही.

गेल्या आठवड्यात पिशवीवाली पुन्हा आली. नवी वही. मी तिला खुर्ची दिली आणि पाणी न विचारताच म्हटलं, लिही. यजमान लिही. वजनकाट्यावरचा लिही, त्याची बायको लिही. बोटांवर मोजत मी अकरा माणसं सांगितली. ती ऐकत होती, पण पेन चालत नव्हतं. गेलेल्यांचं कागदावर जे लिहिलंय तेच धरावं लागतं, म्हणाली. कागदावर कुणाचं दाढेचा पू, कुणाचं म्हातारपण, कुणाचं अशक्तपणा. ते आम्हीच तसं लिहून घेतलं होतं. मी म्हटलं, बरं, गेलेले राहू दे. हा बघ जिवंत आहे, तुझ्यासमोर बसलाय. याला लिही.

तिने धाकट्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून मला म्हणाली, "ते पलीकडे लिहिलेत, आजी. एक माणूस दोन ठिकाणी लिहिता येत नाही. मी बदलून पाठवलं होतं, वरून परत आलं."

म्हणजे माझा मुलगा नकाशात आहे. पलीकडच्या लालात आहे. इकडे आम्ही कोरेच.

मी चप्पल घातली आणि तिला हाताला धरून दारोदार नेलं. स्वतः कडी वाजवली, स्वतः सांगितलं, घाबरू नका, सांगा. लोक मला बघून उभे राहिले, बायकांनी डोक्यावर पदर घेतला, मान माझा कुठेच कमी झाला नाही. आणि सगळ्यांनी हसून सांगितलं की आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, पाणी घेणार का? पहिल्या चार घरांत तिने घेतलं. मग नको म्हणायला लागली.

शेवटी भोंगा. दारात उभा, एक तळहात गालावर. "ठणठणीत," तो दातांमधून म्हणाला. मी म्हटलं, तोंड उघड. माझा शब्द त्याने जन्मात मोडला नव्हता. तो खाली बघत राहिला. मग त्याने दार लोटलं, हळूच, आणि लोटण्याआधी माझी चौकटीवरची बोटं अलगद बाजूला केली, चिमटू नयेत म्हणून.

बाईने भिंतीला वही टेकवून रकाना भरला. मला अक्षरं जुळवावी लागतात, पण शून्य कळतं.

घरी आले तेव्हा धाकटा खिडकीशीच होता. त्याने सगळं पाहिलं असणार, तरी भुवया वर करून विचारलं, किती? मी हात वर केला. वाटलं होतं, निदान एक बोट तरी दाखवता येईल. मूठ तशीच राहिली. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मी जाऊन त्याच्या मांडीवरची चादर सारखी केली.